तोगाशी आजींची तीस येनची पानं

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीनं मुराकोशी तेत्सुओची बदली साइतामाहून आकिताला केली, तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. बायको किनुए आणि कॉलेजात जाणारी मुलगी तिकडेच राहिल्या. मुलीचं शिक्षण, किनुएची नोकरी, आजारी सासूबाई, हे सगळं उचलून उत्तरेच्या बर्फात आणणं कोणाच्याच सोयीचं नव्हतं. तेत्सुओ एकटाच आला. एक खोली, एक शेगडी, एक हीटर. पगार साइतामाच्या खात्यात जायचा, खोलीचं भाडं नि वीजबिल तिकडूनच भरलं जायचं, आणि दर महिन्याच्या पंचवीस तारखेला किनुए त्याला हातखर्चाचे पंचवीस हजार येन पाठवायची. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, या व्यवस्थेवरून दोघांत कधी शब्द वाढला नव्हता.

आठवडा कसाही निघायचा. शनिवार मात्र निघता निघत नसे. कपडे धुवून, खोली झाडून होईपर्यंत अकरा वाजायचे आणि पुढे सगळा दिवस आ वासून उभा असायचा. किनुएचा फोन पहिल्या रिंगलाच उचलायचा, इतका तो त्याची वाट बघत असे. फोनवर बोलणं व्हायचं ते तिच्या आईच्या गुडघ्यांचं, नाहीतर छतावरच्या पन्हळीचं.

नोव्हेंबरातल्या अशाच एका शनिवारी कामाचा फोन आला. नदीकाठच्या एका जुन्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत माणूस नव्हता, पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके होते. तेत्सुओनं दीड तासात लिफ्ट चालू केली. ते खोके तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानाचे निघाले. दुकानाचं नाव 'तोबिउओ', म्हणजे उडता मासा. मालकीण सेत्सु पन्नाशीची, केस आखूड कापलेली बाई होती. ती म्हणाली, "बाहेर गारठून मराल. बसा, चहा घ्या."

आत पत्त्यांचं दुकान होतं. पत्ते म्हणजे आपले चार रंगांचे नव्हेत. एकेका पानावर वेगळं चित्र, वेगळा मजकूर, आणि हजारो पानं. भिंतीला काचेची कपाटं, मध्ये लांब टेबलं. त्या टेबलांवर लोक समोरासमोर बसून 'सात बेटं' नावाचा खेळ खेळत होते. ज्यानं त्यानं आपापल्या पानांतून पन्नासांचा कॅट जमवून आणायचा, समोरच्याशी भिडायचं, आणि ज्याची सातही बेटं आधी जातील तो हरला.

चहा पिता पिता तेत्सुओ एका टेबलाजवळ रेंगाळला. तिथं सत्तरी ओलांडलेली एक म्हातारी आणि कुरियरच्या गणवेशातला एक तरुण खेळत होते. म्हातारीनं गळ्यात दोरीला चष्मा अडकवला होता, पण ती पानं न वाचताच टाकत होती. पोरगा हरला. हरल्यावर दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, आणि मग जे झालं ते तेत्सुओनं आयुष्यात कुठल्या खेळात पाहिलं नव्हतं. हरलेला जिंकलेलीला सांगू लागला, "आजी, दोन चाली आधीच मला मारू शकत होतात."

"कशी ती?"

"मीठवालीचं पान आधी टाकायचं."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "खरंच की! अरे कोदामा, मग खेळताना का नाही बोललास?"

"बोललो असतो तर दोन चाली आधीच मेलो नसतो का?"

दोघंही हसले. तेत्सुओला वाटलं, आपण इथं बसलं पाहिजे.

"मला खेळायचं असेल तर," त्यानं घसा साफ करत विचारलं, "सुरुवातीला खर्च किती येतो?"

"मनापासून खेळायचं असेल तर तीस हजार धरा," कोदामा म्हणाला.

"काहीतरीच! तीनशेत होतं," म्हातारी म्हणाली.

"यांचं ऐकू नका हं. तोगाशी आजी जादू करतात, तुमच्या-माझ्या हातून नाही व्हायचं ते."

सेत्सु गल्ल्यामागून म्हणाली, "आज काहीच घ्यायचं नाही. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी काही विकत नाही. पुढच्या शनिवारी या. दुकानाचा कॅट देईन, तो घेऊन खेळा. आवडलं तर मग पैशाचं बघू."

तेत्सुओनं मान डोलावली. पण तो अवजारांचा माणूस होता. स्वस्तातला पाना घेतला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो नट कोणाच्या बापाला निघत नाही, हे त्यानं पंचवीस वर्षांत शेकडो वेळा पाहिलं होतं. काम शिकायचं तर आधी चांगलं अवजार घ्यावं, असा त्याचा स्वभाव. पंचवीस तारखेला हातखर्च आला आणि सव्वीसला तो स्टेशनजवळच्या एका मोठ्या, झगमगीत दुकानात गेला. काचेआड एकाच दिव्याखाली एक पान ठेवलं होतं. 'वादळांचा राजा'. काळ्या लाटेवर उभा, हातात वीज. किंमत सतरा हजार आठशे. विक्रेता म्हणाला, "गेल्या वर्षीच्या विजेत्याच्या कॅटमध्ये हेच होतं." तेत्सुओनं ते घेतलं, वर तीन हजारांची बंद पाकिटं घेतली. घरी आल्यावर ती फोडली, त्यातून जे निघालं ते राजाभोवती गोळा केलं आणि पन्नास पानं पूर्ण केली.

शनिवारी तो सहा डाव खेळला आणि सहाही हरला.

राजाला मैदानात आणायला आठ वारे लागत. दर फेरीला एक वारा मिळे. आठ वारे साठेपर्यंत तेत्सुओची सहा बेटं बुडालेली असायची. दोनदा राजा हातात आलाच नाही. एकदा आला, मैदानात उतरला, आणि तोगाशी आजींनी एक फाटकं दिसणारं पान खाली ठेवलं. 'दोरखंड वळणारा'. राजा जागच्या जागी बांधला गेला. डाव संपेपर्यंत तो तसाच वीज धरून उभा राहिला.

"कितीला घेतलात?" कोदामानं हळूच विचारलं.

तेत्सुओनं आकडा सांगितला. टेबलावर कोणी हसलं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

"मी हे परत विकलं तर?" त्यानं सेत्सुला विचारलं.

सेत्सु आढेवेढे न घेता म्हणाली, "मी दहा हजार देईन. जिथून आणलंत तिथं आठ मिळतील."

तेत्सुओच्या तोंडचं पाणी पळालं. तोगाशी आजी म्हणाल्या, "विकू नका. फी भरून झालीच आहे, आता शाळेत बसा. तुम्ही राजा आणलात, चांगलं केलंत. पण त्याची होडी वल्हवणार कोण? त्याला जेवायला कोण घालणार? दरबारात एकटा राजाच असला तर तो उपाशी मरतो."

"उपाशी तर मीच मरणार आहे," तेत्सुओच्या तोंडून निघून गेलं. "पंचवीस तारखेपर्यंत चार हजार राहिलेत."

यावर मात्र सगळे मनमुराद हसले, आणि तोही हसला.

दुकानाच्या मागच्या भिंतीला जुन्या भाजीच्या क्रेटांची एक रांग होती. त्यांत तीस-तीस येनची पानं उभी रचलेली होती, काही हजार तरी असतील. त्यांच्या शेजारी एक फळी होती, तिला भाव नव्हता. जुने खेळाडू नको असलेली पानं त्या फळीवर ठेवून जात. नव्या माणसानं एका वेळी दहा पानं फुकट न्यायची, एवढाच नियम. आजींनी तेत्सुओला त्या फळीसमोर स्टुलावर बसवलं आणि आपण दुसरं स्टूल ओढलं.

"मी सांगते ती घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही पान काढा, मोठ्यानं वाचा, आणि मला सांगा हा माणूस कोणाच्या उपयोगाचा."

तेत्सुओनं पहिलं पान काढलं. "'दीपगृहाचा राखणदार. वरची तीन पानं बघा, एक घ्या, दोन खाली सारा.'"

"कोणाच्या उपयोगाचा?"

"जो काहीतरी शोधतोय त्याच्या."

"तुम्ही काय शोधताय?"

"राजा."

"मग?"

तेत्सुओनं राखणदार मांडीवर ठेवला. त्या संध्याकाळी त्यानं दहा पानं नेली, पण वाचली शंभरावर. एकाही पानाशी आजी अडल्या नाहीत. चित्र अर्धं दिसलं की त्यावरचा मजकूर त्या धडाधड म्हणत. कोणतं पान कोणत्या पानाशी जमतं, कोणतं भांडतं, कोणत्याची वेळ डावाच्या सुरुवातीला आणि कोणत्याची अगदी शेवटी, हे त्या गावातल्या माणसांची लग्नं जुळवावीत तशा सांगत. पुढे कोदामाकडून कळलं, की आजी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या आणि शहरातले हजारभर नंबर त्यांना तोंडपाठ असायचे. मुलानं घर सोडताना मागे टाकलेला पानांचा डबा विकायला म्हणून त्या नऊ वर्षांपूर्वी या दुकानात आल्या होत्या. सेत्सुनं एकेक पान दाखवत भाव सांगायला सुरुवात केली, आणि विसाव्या पानाशी आजी म्हणाल्या, "थांब, विकायचं राहू दे. हे खेळतात कसं ते सांग."

तो महिना तेत्सुओनं भात, तोफू आणि मोड आलेल्या मुगांवर काढला. मोडांची पिशवी चाळीस येनला मिळायची. परतून, उकडून, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसो-सुपात घालून, नुसते मीठ लावून, सगळ्या तऱ्हा करून झाल्या. किनुए फोनवर विचारायची, "अहो, जेवलात का नीट?" आणि तो म्हणायचा, "हो, मस्त." शनिवारी एक वाजता मात्र तो तोबिउओमध्ये हजर. फळीवरून दहा पानं, तीसच्या क्रेटमधून तीन-चार. हरला की तो खिशातून छोटी वही काढायचा आणि समोरच्याला विचारायचा, "मी कुठं चुकलो?" समोरचा सांगायचा. हा लिहून घ्यायचा. डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी त्यानं कोदामाला पहिल्यांदा हरवलं. राजाला त्या डावात तोंड दाखवायची गरजच पडली नव्हती.

फेब्रुवारीत किनुएला शंका आली. एरवी पहिल्या रिंगला उचलणारा नवरा शनिवारी एक ते सहा फोनच उचलत नव्हता. सहानंतर उचलला की आवाजात एक तरतरी असायची, तीही तिच्या ओळखीची नव्हती. मुलगी चेष्टेनं म्हणाली, "आई, बाबांना तिकडे कोणी भेटली बिटली की काय?" ती चेष्टा किनुएच्या मनात आठवडाभर टोचत राहिली. शनिवारी तिनं सकाळची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली, न कळवता आकिताला उतरली, बर्फातून चालत खोलीवर गेली. दाराला कुलूप. शेजारची बाई दारासमोरचा बर्फ काढत होती.

"मुराकोशीसान ना? शनिवारी ते तोगाशीबाईंबरोबर असतात."

"कोण तोगाशीबाई?"

"नदीकाठी, ती जुनी इमारत आहे ना, तिसऱ्या मजल्यावर."

नवऱ्यानंच दुरुस्त केलेल्या लिफ्टनं किनुए वर गेली. काय काय बोलायचं ते तिनं रस्त्यात ठरवलं होतं. दार उघडलं तर आत वीस-पंचवीस माणसं एका टेबलाभोवती श्वास रोखून उभी होती, आणि त्यांत तिचा नवरा होता, कोणाच्या तरी खांद्यावरून मान उंचावून बघत.

"अहो," ती म्हणाली.

तेत्सुओ वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "तू? इथं?"

"तोगाशीबाई कोणत्या?"

तेत्सुओनं बोट दाखवलं. टेबलाशी बसलेल्या चष्मेवाल्या म्हातारीकडे बघून किनुएचा ठरवलेला शब्द न् शब्द विरघळून गेला. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "शूः!" आणि तीही गप्प उभी राहिली.

त्या दिवशी सेंदाईहून निवा नावाची एक तिशीची खेळाडू आली होती. सबंध उत्तर भागात ती दोनदा पहिली आली होती. तिच्या कॅटमध्ये वादळांचे राजे तीन होते. दुकानातल्या सगळ्यांना हरवून ती आजींसमोर बसली होती. तेत्सुओ बायकोच्या कानाशी लागून हळू आवाजात सांगू लागला, "ती काळी पानं फार महागडी. आजी त्यांना हलूच देत नाहीयेत. बघ, आता दोरखंडवाला येईल."

आला. पहिला राजा बांधला गेला, बांधणारं पान मात्र तिथंच मेलं. निवानं दुसरा आणला. आजींनी मीठवाली टाकली. मीठवाली मेलेल्यांतून एकाला परत आणते, आणि दोरखंडवाला पुन्हा उभा राहिला. दुसरा राजा बांधला गेला. निवा पुढे सरकून बसली. दोघींची बेटं एकेक करून बुडत चालली. आजी घाई करत नव्हत्या, पण त्यांच्या हातातलं एकही पान वाया जात नव्हतं. होडीतला वल्हेकरी, जाळी शिवणारी, गळकं पिंप, असल्या पानांची एक भिंत त्यांनी उभी केली, आणि ती भिंत लाखाच्या पानांना अडवून धरत होती. किनुएला खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिनं नकळत नवऱ्याच्या कोटाची बाही घट्ट धरली होती.

शेवटी दोघींचं एकेकच बेट उरलं. निवानं वरचं पान उचललं. तिसरा राजा. आजींनी आपल्या हातातली दोन पानं बघितली, त्यांत ना दोरखंडवाला होता ना मीठवाली, आणि ती टेबलावर उलटी ठेवून वाकल्या. "हरले बाई. सुरेख खेळलात."

निवा खुर्चीवरून उठली आणि उभ्यानं खाली वाकली. "तुमची पानं बघू का, आजी?"

आजींनी पन्नास पानं दहा-दहाच्या पाच ओळींत मांडली. निवा एकेक ओळ वाचत गेली. दोरखंडवाल्याशी ती थांबली. "या पानाच्या माझ्याकडे घरी खोक्यात पन्नास-साठ प्रती तरी पडल्या असतील. मी ते कधी धड वाचलंसुद्धा नव्हतं."

किनुएनं विचारलं, "या सगळ्यांची मिळून किंमत किती?"

"तीस येनचं एक," कोदामा म्हणाला, "म्हणजे दीड हजार."

"आणि यांची?"

निवा ओशाळून हसली. "एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास."

किनुए नवऱ्याकडे वळली. "आणि तुमची?"

तेत्सुओला खोटं बोलता आलं असतं. आजूबाजूला एकानंही तोंड उघडलं नसतं. पण तो म्हणाला, "एका पानाचे सतरा हजार आठशे, वर पाकिटांचे तीन हजार. नोव्हेंबरमध्ये. बाकीची फुकट, नाहीतर तीस-तीसची."

"त्यानंतर मी फोन करून विचारायची, जेवलात का. तुम्ही म्हणायचात, हो, मस्त. काय जेवत होतात?"

"मोड."

"महिनाभर?"

"महिनाभर."

किनुएचे डोळे भरून आले. ती खिडकीशी गेली आणि बाहेर बघत उभी राहिली. पैशाचं तिला लागलंच होतं. पण इतक्या दूर बसून तो उपाशी राहिला आणि आपल्याला 'मस्त' म्हणाला, ते जास्त लागलं होतं. तेत्सुओ तिच्यामागे जाऊन उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला सांगायची लाज वाटली."

आजी आपली पानं गोळा करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या नवऱ्याला पहिला महिनाभर इथल्या प्रत्येकानं हरवलं. एकदाही चिडले नाहीत. हरले की विचारायचे, मी कुठं चुकलो. अशी माणसं इथं फार येत नाहीत."

किनुएनं डोळे पुसले. "एकवीस वर्षं झाली, मला नाही कधी विचारलं ते."

हशा पिकला. कोदामानं तर टेबलावर डोकं टेकवलं. तेत्सुओ मान खाली घालून हसत होता. सेत्सुनं चहा आणला, सोबत धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याच्या चकत्या. आजींनी समोरची खुर्ची पायानं बाहेर ढकलली. "बसा, गाडी उद्याची असेल ना? एक डाव होऊन जाऊ दे. हरलात तर माझ्यासारख्याच हराल."

किनुए दुकानाच्या कॅटनं तीन डाव खेळली आणि तिन्ही हरली. तिसऱ्यात तिनं आजींची पाच बेटं बुडवली तेव्हा तेत्सुओ इतका जोरात ओरडला, की सेत्सुनं त्याला दटावलं.

संध्याकाळी दोघं बर्फातून खोलीकडे निघाली. पिशवीत कोंबडी, लांब लीक-कांद्यांची जुडी आणि भाजलेल्या भाताच्या कांड्या होत्या, रश्शात शिजवायला. चालता चालता किनुएनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "त्या आजींना हरताना बघितलंत? पानं उलटी ठेवली आणि सरळ म्हणाल्या, हरले. समोरच्या बाईचा चेहरा आठवा तेव्हाचा. जिंकली ती, आणि शिकायला बसली तीच."

"हो."

"त्या आजींना लाखाचं पान दिलं ना, तरी त्या तीसवालंच घेतील."

"देऊन बघितलं मी," तेत्सुओ म्हणाला. "माझा राजा त्यांना देऊ केला होता. म्हणाल्या, माझ्या घरात एवढ्या मोठ्या माणसाला बसायला जागा नाही."

किनुए रस्त्यातच थांबून हसली. मग पिशवी त्याच्या हातात देत म्हणाली, "हातखर्च काही वाढणार नाही हं. आणि इथून पुढे रोज काय जेवलात ते खरं सांगायचं. मोड तर मोड."

तेत्सुओ आणखी अडीच वर्षं आकितात राहिला. शनिवारी सहानंतर किनुएचा फोन यायचा, आधी जेवणाची चौकशी आणि मग अर्धा-पाऊण तास डावाची. त्या अडीच वर्षांत तो तोगाशी आजींना एकूण चारदा हरवू शकला. चारही वेळा आजींनी वाकून नमस्कार केला आणि लगेच दुसऱ्या डावासाठी पानं पिसायला घेतली.